परक्यांच्या पेठेंत

भातुकलीच्या खेळांत मुलें आई होतात, बाप होतात, भटजी होतात, प्रसंगीं कासार व न्हावीही होतात. परंतु परका कोणी होत नाहीं. पाहुणा म्हणून ज्या धाकट्या भावंडास उंबरठ्याबाहेर उभें करितात, तोही कोणाचा तरी मामा असतो. त्याचें नांव, नातें व त्यास लाडू आवडतो कीं करंजी, हें सर्व यजमानीणबाईंस आधींच ठाऊक असतें. ज्यास कोणी ओळखीत नाहीं आणि ज्यास तेथील कांहींच ठाऊक नाहीं, अशा मनुष्याचें सोंग घेण्याची हौस लहानपणीं आढळत नाहीं. मोठेपणीं तर तो प्रसंग आपल्यावर येऊं नये अशीच प्रत्येकाची खटपट असते. नेमक्या ह्याच सोंगावर उभारलेल्या एका खेळाविषयीं आज लिहावयाचें आहे.

निमित्त एका वृद्ध वाचक भगिनींच्या पत्राचें. त्यांचा महाविद्यालयांत जाणारा नातू व त्याचे चार मित्र शनिवारीं रात्रीं माडीवर बसतात. एक म्हणतो मी खलाशी, दुसरा म्हणतो मी देवळांतील पुजारी. मध्येंच फांसे पडतात, मध्येंच भांडण होतें, आणि बारा वाजेपर्यंत चहाचीं भांडीं वर-खालीं होत असतात. पैसा लावीत नाहींत, याची त्यांनीं खात्री करून घेतली आहे. त्यांचा प्रश्न एवढाच कीं, धडधाकट मुलांनीं कोठल्याशा नसलेल्या नगरांत नसलेलीं माणसें होऊन बसावें, यांत मिळवावयाचें तें काय?

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला आणि तेथून ही जात वाढली. त्यांत एकजण सूत्रधार होतो. नगर कसें आहे, दारावर कोण उभा आहे, तो काय बोलतो, हें तो सांगतो. बाकीचे आपापलें पात्र घेऊन 'मग मी असें करितों' म्हणून उत्तर देतात. जें घडेल कीं नाहीं याचा संशय असेल, तें फांशांवर सोडतात. आणि हे फांसे सहा बाजूंचेच नसून चार, आठ, बारा व वीस बाजूंचेही असतात. हरिदासानें आख्यान लावावें, श्रोत्यांपैकीं कोणींही उठून 'आतां नारद असें म्हणाला' असें सांगावें, आणि बुवांनीं तें निमूटपणें पुढच्या कथेंत गुंफून घ्यावें, अशी कल्पना केली म्हणजे झालें. हा जुगार नव्हे, हें आजीबाईंनीं ताडलेंच आहे.

त्या पहिल्या खेळांतील सृष्टि बव्हंशीं युरोपांतील मध्ययुगाची होती: किल्ले, सरदार, राक्षस वगैरे. पुढच्याच वर्षीं, १९७५ सालीं, त्याच प्रकाशकांनीं 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' नांवाचा दुसरा खेळ काढिला. पाकळ्यांच्या सिंहासनाचें साम्राज्य असा त्याचा अर्थ. त्याचे कर्ते एम. ए. आर. बार्कर हे भाषांचे प्राध्यापक. त्यांचा जन्म १९२९ सालीं अमेरिकेंतील स्पोकेन या गांवीं झाला. तरुणपणीं अभ्यासासाठीं हिंदुस्थानांत आले असतां त्यांनीं इस्लाम धर्म स्वीकारिला. ऑरेगॉनमधील क्लॅमथ नांवाच्या आदिवासी लोकांच्या भाषेचा त्यांनीं केलेला कोश १९६३ सालीं निघाला. पुढें उर्दू व बलुची शिकणारांसाठीं त्यांनीं पाठ्यपुस्तकें तयार केलीं, आणि मिनेसोटा विद्यापीठांत दक्षिण आशियांतील भाषा शिकविल्या.

ह्या गृहस्थांनीं लहानपणापासून मनांत एक जग वाढवीत आणिलें होतें. त्याचें नांव टेकुमेल. तेथील आकाशांत तारे नाहींत. लोखंड इतकें दुर्मिळ कीं, चिलखतें एका जनावराच्या कातड्याचीं करितात. घोडा नाहींच. देव वीस, त्यांपैकीं दहा स्थैर्याचे व दहा परिवर्तनाचे. सम्राट् अवंथर येथील सोन्याच्या मनोऱ्यांत राहतो व एकदां सिंहासनावर बसल्यावर तेथून बाहेर पडत नाहीं. साम्राज्याच्या भाषेस त्सोल्यानी म्हणतात. तिचें व्याकरण व शब्दसंग्रह बार्करांनीं रीतसर छापून प्रसिद्ध केला, आणि उजवीकडून डावीकडे लिहिण्याची लिपिही तिच्यासाठीं बनविली. त्या जगांत युरोप जवळजवळ नाहीं. हिंदुस्थान, मिसर, मेक्सिकोंतील माया व अझ्टेक यांच्या छटा मात्र जागोजागीं दिसतात. मनुष्याची ओळख तेथें त्याच्या कुळावरून होते. जेवण, विवाह, धंदा, मेल्यावरचे संस्कार, सर्व कुळाच्या द्वारें. आमच्या वाचकांस हें वर्णन फारसें परकें वाटूं नये.

आणि आतां खेळाचा आरंभ. इतर खेळांत खेळणारा त्या देशचाच वीर म्हणून जन्मास येतो. येथें तो दक्षिणेकडील दूरच्या मुलखांतून लहानशा होडींतून आलेला रानटी परदेशी म्हणून जकाल्ला या बंदरीं उतरतो. त्यानें परक्यांच्या पेठेंत राहावयाचें. कोणी काम देणारा मालक भेटेपर्यंत नगरांत मोकळें हिंडावयाचें नाहीं. रीत मोडली तर शिक्षा सुळाची.

समजा, पांच मुलें ह्या होडींतून उतरलीं. धक्क्यावर पहारेकरी उभा आहे, त्याच्यामागें कारकून. नगर आपल्या उद्योगांत आहे. ह्यांच्या येण्यानें तेथें कोणाचेंही कांहीं अडलेलें नव्हतें. कारकून पहिला प्रश्न विचारितो, 'आपलें कूळ कोणतें?' मुलांस उत्तर नाहीं. एक जण चतुराईनें म्हणतो, 'आम्ही व्यापारी.' माल कोठें आहे? माल नाहीं. दुसरा सलगीनें 'तूं' म्हणतो. परंतु त्सोल्यानींत 'तूं' या अर्थाचे अनेक शब्द आहेत, मोठ्यास एक, धाकट्यास एक, देवळाच्या अधिकाऱ्यास निराळा, आणि ह्यानें उचललेला शब्द नेमका नोकरास लावावयाचा. आपल्याकडे 'तूं', 'तुम्ही', 'आपण' अशा तीनच पायऱ्या आहेत, तरी मुंबईचा नवखा मनुष्य कोल्हापुरांत आणि कोल्हापूरचा पुण्यांत अडखळतोच. तिसऱ्यानें कमरेच्या तरवारीस हात घातला तर सूत्रधार शांतपणें सूळ दाखवितो. अखेर जो मुलगा गप्प बसून पाहत होता, कोण कोणास किती वांकून नमस्कार करितो, पाण्याची घागर घेतलेली पोर कोणाला वाट देते, त्याच्याच युक्तीनें पांचांस रात्रीपुरती जागा मिळते.

कारकुनाच्या त्या पहिल्या प्रश्नापाशीं आम्ही जरा थांबतों. आडनांव काय, मूळ गांव कोणतें, गोत्र कोणतें, हे तीन प्रश्न आपल्या जुन्या घरांच्या ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या विचारले गेले. विचारणारा झोंपाळ्यावर असे. उत्तरावरून येणाराची जागा ठरे: कोणास पाट, कोणास ओसरीची कड, आणि कोणास अंगणांतूनच निरोप. ज्यांस अंगणांतून निरोप मिळाला त्यांच्या नातवंडांस तें आजही आठवतें. आपल्या माजघरांत मात्र त्याची आठवण कोणी काढीत नाहीं. ह्या घरांतील मुलगा जकाल्लाच्या धक्क्यावर उभा राहून तोच प्रश्न ऐकतो आणि तास-दीड तास त्यास उत्तर सुचत नाहीं, ह्यांत काय मिळवावयाचें असें विचारणाऱ्या भगिनींस आम्ही एवढेंच विचारूं कीं, हें दुसरीकडे कोठें शिकावयास मिळतें? सासरीं आलेल्या मुलीस हा खेळ निराळा शिकवावा लागत नाहीं, हें खरें. पण तो पुरुषांसही शिकतां आला तर बरें.

अतिथीविषयीं आपल्याकडे वचनांस तोटा नाहीं. परंतु तीं सर्व यजमानास उद्देशून आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मुद्राध्यक्ष नांवाचा अधिकारी एक माषक घेऊन प्रवासाचें मुद्रापत्र देतो, व मुद्रेवांचून जाणाऱ्या देशस्थ माणसास बारा पण दंड होतो. मेगॅस्थनीस या ग्रीक वकिलानें पाटलिपुत्राच्या कारभाराचें वर्णन करितांना परदेशीयांची व्यवस्था पाहणारें पांच जणांचें एक मंडळ सांगितलें आहे: त्यांस बिऱ्हाड द्यावें, त्यांच्यावर नजर ठेवावी, आजारी पडल्यास शुश्रूषा करावी, मेल्यास पुरावें व मालमत्ता नातलगांकडे पोंचवावी. व्यवस्था उत्तमच. पण त्या परक्यास पहिल्या रात्रीं कसें वाटलें असेल, याचा विचार राज्यशास्त्राच्या कक्षेंत येत नाहीं.

होडींतल्या मनुष्याच्या बाजूनें लिहिलेलें एक जुनें वर्णन आहे तें फ्रान्सिस बेकनचें. त्याचें 'न्यू अटलांटिस' १६२७ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, छापलें गेलें. पेरूहून चीन-जपानकडे निघालेलें जहाज वाट चुकतें आणि बेन्सालेम नांवाच्या अज्ञात बेटाच्या बंदरास लागतें. लगेच एक अधिकारी येऊन एक लेख हातीं देतो. तो हिब्रू, ग्रीक, लॅटिन व स्पॅनिश अशा चार भाषांत लिहिलेला. मजकूर असा कीं, उतरूं नका, सोळा दिवसांत निघून जा, आणि पाणी, अन्न अथवा आजाऱ्यांसाठीं कांहीं हवें असल्यास लिहून द्या. नकार आणि मदत एकाच कागदावर! पुढें चांचे नसल्याची व गेल्या चाळीस दिवसांत रक्त सांडलें नसल्याची शपथ घेऊन त्यांस परक्यांच्या धर्मशाळेंत नेतात व तीन दिवस आंत ठेवितात. अधिकाऱ्यास मोहरा देऊं केल्या तर तो त्या घेत नाहीं. सरकारी वेतन घेणारानें एकाच कामाचे दोनदां पैसे कसे घ्यावे, असें त्याचें म्हणणें. हा भाग आमच्या आवडीचा आहे. मात्र वाचकास तेथें काठावर बसून पाहावयाचें असतें. खेळांत कारकुनाचा डोळा आपल्यावरच असतो.

खेळाचा पुढचा भाग, म्हणजे नगराखालच्या भुयारांत शिरून जुना खजिना लुटणें व वाटेंत येईल त्यास मारणें, आम्हांस तितकासा रुचत नाहीं. मुलांस तोच अधिक आवडतो, त्यास इलाज नाहीं.

पण एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. बार्कर २०१२ सालीं वारले. त्यानंतर दहा वर्षांनीं, २०२२ सालीं, टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशन या संस्थेनेंच जाहीर केलें कीं, १९९१ सालीं टोपणनांवानें निघालेली 'सर्पंट्स वॉक' ही नाझींचा पक्ष घेणारी कादंबरी त्यांचीच होती. इतक्या भाषांचा जाणता, परधर्म स्वीकारलेला, लाहोरास अध्यापन केलेला, परक्याच्या पावलांनीं नगरांत शिरण्याचा खेळ रचणारा मनुष्य. आणि त्याच्याच हातून हें लिखाण! पुष्कळ भाषा आल्या कीं मन आपोआप रुंदावतें असें सांगणाऱ्या पंडितांनीं हें उदाहरण जवळ ठेवावें.

याचा उलगडा आम्ही करूं शकत नाहीं. एक गोष्ट मात्र ध्यानांत येते. बार्करांच्या घरीं वर्षानुवर्षें मंडळी खेळावयास जमत असे, आणि तेथें ते स्वतः सूत्रधार असत. होडींतून इतर उतरत. कारकुनाचा प्रश्न विचारणारा आवाज त्यांचा होता. नगर त्यांचें, भाषा त्यांची, सूळही त्यांचा.

म्हणून पत्रलेखिका भगिनींस आमचें सांगणें असें. खेळ बंद करवूं नये. कर्त्याविषयीं जें उघड झालें आहे तें नातवास माहीत नसल्यास सांगावें. वीस वर्षांच्या मुलापासून हें झांकून ठेवण्याजोगें नाहीं. सूत्रधार नेहमीं एकच असेल तर तो बदलावयास लावावा, विशेषतः तो घरचा मुलगा असेल तर. आणि एखाद्या शनिवारीं आपणही माडीवर जाऊन बसावें. मुलें आदरानें आपणांस महाराणी अथवा देवळाची मुख्य पुजारीण करूं पाहतील. तें ऐकूं नये. होडींतून उतरावयाचें आहे असें सांगावें, नांव, गांव, कूळ कांहीं न घेतां. चष्मा बरोबर न्यावा. वीस बाजूंच्या फांशावरील आंकडे फार बारीक असतात.