सोळा दातांचं चक्र

जुन्या मोटारसायकलवाल्यांच्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास येतं : "हायवेला इंजिन जितकं कमी फिरेल तितकं चांगलं." ऐकायला पटतं. माणूस जितका कमी धावेल तितका कमी दमेल, तसंच काहीसं. माझं मत मात्र असं की या एका वाक्याने जितकी जुनी बुलेटची इंजिनं खाल्ली असतील तितकी भेसळीच्या तेलानेही खाल्ली नसतील. (अतिशयोक्ती आहे, मान्य. पण फार नाही.)

हा विषय आत्ताच का, तर घरात वाद चालू आहे. ताई हे वाचते, त्यामुळे जपून लिहितो. भावजींची १९८४ सालची साडेतीनशे बुलेट आता आमच्या भाच्याकडे आहे. भावजी गेल्यानंतर दोन वर्षं ती ताडपत्रीखाली होती, आता ती पुन्हा रस्त्यावर आली याचा आनंद सगळ्यांनाच आहे. चिरंजीवांना ती घेऊन चार मित्रांबरोबर गोव्याला जायचंय. मित्रांकडे नव्या गाड्या, २०२० नंतरच्या ३४९ सीसीच्या. त्यांच्याबरोबर नव्वद-शंभरने जायचं तर पुढचं स्प्रॉकेट बदलून मोठं टाक, इंजिन एकदम आरामात चालेल, असा सल्ला त्याला गॅरेजमध्ये मिळाला. सोळा दातांच्या जागी अठरा. खर्च फार नाही, काम अर्ध्या दिवसाचं. ताईने मला विचारलं, "तुला काय वाटतं?" फोनवर एवढं सांगता आलं नसतं, म्हणून इथे लिहितोय.

आधी थोडं गणित. घाबरू नका, सातवीच्या पुढचं नाही.

बुलेटला टॅकोमीटर नाही. स्पीडोमीटर आणि अँमीटर, एवढाच संसार. पण इंजिनाचे फेरे काढायला काटा लागत नाही, दात मोजले की झालं. भावजींच्या गाडीत इंजिनावरचं चक्र २५ दातांचं, क्लचवरचं ५६, गिअरबॉक्समधून बाहेर येणारं १६ आणि मागच्या चाकावरचं ३८. चौथा गिअर सरळ, म्हणजे गिअरबॉक्स आपल्या पदरचं काही कमी-जास्त करत नाही. ५६ भागिले २५ गुणिले ३८ भागिले १६ = ५.३२. मागचं चाक एकदा फिरायला इंजिन सव्वापाच वेळा फिरतं म्हणा ना. १९ इंची चाकाचा घेर टायरसकट साधारण २ मीटर. तर ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला साधारण ३५५० फेरे घेतं आणि १०० ला ४४३० च्या घरात.

आता अठरा दात टाकले तर? ८० ला ३१५०, १०० ला ३९४०. म्हणजे वाचले चार-पाचशे फेरे. सतरा टाकले तर जेमतेम दोन-अडीचशे. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

पण फेऱ्यांचा आकडा एकटाच धरून बसणं, ही खरी गोम आहे. शेजारच्यांची आरएक्स १००, तिच्या पिस्टनची धाव ५० मिलिमीटर. बुलेटची ९०. आरएक्स ६४०० फेऱ्यांवर किंचाळत असते तेव्हा तिचा पिस्टन सरासरी जितक्या वेगाने वर-खाली होतो, तितक्याच वेगाने बुलेटचा ३५५० वर होत असतो. सेकंदाला साडेदहा मीटरच्या थोडं वर. ऐकणाऱ्याला एक मधमाशी वाटते आणि दुसरी रवंथ करणारी म्हैस, पण सिलिंडरच्या भिंतीला विचाराल तर दोघी सारख्याच पळतायत. बुलेटचा तो संथ ठोका फसवा आहे. आपल्याला वाटतं गाडी आरामात आहे, अजून दे थोडी रेस.

म्हणजे मग फेरे कमी केलेले बरेच की, असं चिरंजीव म्हणतील. म्हणालेच आहेत. तर त्याचं उत्तर असं की इंजिनाला दोन त्रास असतात. एक जोरात फिरण्याचा, दुसरा ओढण्याचा. मोठं चक्र टाकून आपण पहिला थोडा कमी करतो आणि दुसरा वाढवतो. हवा काही आपल्या दातांचे हिशोब बघत नाही. तिचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद जवळजवळ घनाने. ८० वरून १०० वर जाताना वेग फक्त सव्वापट होतो, हवा कापायची ताकद मात्र जवळजवळ दुप्पट लागते. ही गाडी नवी असताना तिची ताकद १८ अश्वशक्ती, तीही साडेपाच हजारांच्या वर फेरे गेल्यावर. आता चाळीस वर्षांनी त्यातली किती उरली असेल ते देवाला ठाऊक. अठरा दातांनी प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ नऊ भागांतला एक भाग कमी होते. सपाट रस्त्यावर, वारा मागून असताना हे जाणवणार नाही. समोरून वारा आला, मागे कोणी बसलं, सामान बांधलं, की गाडी शंभर सोडा, नव्वदलाही घुसमटेल आणि पोरगा पूर्ण रेस पिळून बसेल. त्याला कोणी आराम म्हणत असेल तर म्हणो.

आणि पुण्याहून गोवा म्हणजे काही सपाट माळ नाही. खंबाटकीचा घाटरस्ता आहे, निपाणी-आजऱ्यावरून गेलात तर परतताना आंबोली चढायची आहे. बुलेटच्या तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये मोठी फट आहे. त्याच वेगाला तिसऱ्यात इंजिन एक तृतीयांशाहून जास्त फिरतं. त्यामुळे चढावर तिसरा ओरडतो म्हणून माणूस चौथा टाकतो, आणि चौथ्यात ५० च्या वेगाला अठरा दातांवर इंजिन २००० फेऱ्यांच्याही खाली येतं. मग ते ठोके ऐका. धप्... धप्... धप्... बुलेटवाल्यांना हा आवाज फार आवडतो, त्यावर कविता करायच्या बाकी ठेवल्यात. पण त्या काळच्या बुलेटमध्ये कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला आजच्यासारखं बेअरिंग नाही, तरंगतं बुश आहे. ते तेलाच्या पातळ थरावर जगतं. तेल पोचवणारा पंप क्रँकच्या टोकाच्या वर्मवरून चालतो, क्रँकपेक्षा कितीतरी हळू. इंजिन मंदावलं की तोही मंदावतो. म्हणजे घाव सगळ्यात मोठा पडतोय नेमका तेव्हाच तेल सगळ्यात कमी. बुश असं मरतं. जोरात पळवून मरतं तसंच रडवून मरतं.

दोन स्ट्रोकच्या गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. येझदीचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, त्यामुळे घाट उतरताना वरच्या गिअरमध्ये रेस बंद करून गाडी सोडली की इंजिन फिरतंय जोरात आणि तेल मिळतंय नावाला. ज्यांनी वापरल्यात त्यांना माहीत आहे, मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची. असो, येझदीवर पुन्हा कधीतरी.

बरं, "कंपनीने दिलंय ते ब्रह्मवाक्य" असंही मी मानत नाही. पाचशेची बुलेट लांब गिअरिंग आरामात ओढते कारण तिच्या पोटात तेवढी ताकद आहे. साडेतीनशेलाही एकट्याने, सपाट मुलखात, बिनसामानाचं जायचं असेल तर सतरा दात टाकणाऱ्याशी मी भांडणार नाही. विदर्भात राहणाऱ्या कोणी टाकले तर शहाणपणच म्हणेन. आमच्याकडे दर पन्नास-साठ किलोमीटरला कुठलातरी डोंगर आडवा येतो, आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पहिला गिअरही लांब झालेला, तो क्लच जाळत बसेल.

आता मित्रांच्या गाड्या. त्यांची ताकद २० अश्वशक्तीच्या थोडी वर. कागदावर जेमतेम दोनचा फरक! पण त्यांच्यात थरथर मारायला बॅलन्सर शाफ्ट आहे, पाच गिअर आहेत, डिस्क ब्रेक आहेत. एका सिलिंडरची थरथर फेऱ्यांच्या वर्गाने वाढते, म्हणजे ८० वरून १०० ला गेल्यावर आपल्या गाडीत ती दीडपटीहून जास्त. हाताला मुंग्या येतात, नट सैल होतात, नंबरप्लेट एखाद्या टपरीपाशी निरोप घेते. आणि थांबायचं ते ड्रमच्या ब्रेकवर. दाताच्या चक्राने यातलं काही बदलत नाही.

ताईची खरी काळजी ही आहे, आणि ती इंजिनाची नाही. लोखंडी सिलिंडरची गाडी तासभर नव्वदच्या वर पिळली आणि पिस्टन धरला, तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं. तेवढ्यात क्लच दाबला गेला तर वाचलो. मागे सोळा चाकी ट्रक असताना हा डाव खेळायचा का, एवढाच प्रश्न आहे. चिरंजीवांचं म्हणणं, हळू चालणाऱ्यालाच मागून ठोकतात. त्यात तथ्य आहे, मी उडवून लावत नाही. पण चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे ८० आहे, आणि डावीकडच्या लेनमधले भरलेले ट्रक साठच्या आसपासच असतात. तिथे सत्तरने जाणारी बुलेट कोणाच्या वाटेत येत नाही.

तर माझं मत सत्तर. सोळा दातांवर सत्तरला इंजिन ३१०० फेरे घेतं, हवा कापायला ८० च्या दोन तृतीयांश ताकद पुरते, आणि हाताखाली थोडी शिल्लक राहते, चढ आला तर, एसटीला ओलांडायचं असेल तर. भावजी असेच चालवायचे. पहाटे पाचला निघायचे, कोल्हापूरला जेवायला. कोणी पुढे गेलं तर जाऊ द्यायचे, आणि तासाभराने चहाच्या टपरीवर तीच मंडळी भेटायची. मित्रांना सांग पुढे व्हायला. आंबोलीत भेटा.

चिरंजीव, ते अठरा दातांचं चक्र घेतलं असशील तर परत दे, घेतलं नसशील तर त्या पैशात मागचे ब्रेक-शू बदलून घे. आणि रविवारी इंजिन गरम करून, बंद केल्यावर पाच मिनिटांनी तेलाची दांडी बघून मला पातळी कळव. मोबाईलवर फोटो पाठवलास तरी चालेल :)