कोसा आपला, मग झाड कुणाचं?



पुण्यात लक्ष्मी रोडच्या दुकानांत टसरची साडी हजारांच्या भावानं विकली जाते. टसर म्हणजे आपल्या जंगलातला कोसा. पण तो पिकवणाऱ्याला आजही झाडाखाली उभं राहायला परवानगी मागावी लागते. हे चालू द्यायचं नाही, असं आमचं म्हणणं आहे.

सह्याद्रीतल्या साथींसाठी थोडं सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या कोसा घेतो. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर अळ्या सोडायच्या, पाला संपला की दुसऱ्या झाडावर न्यायच्या. महिनाभर आणि वर काही दिवस कावळे, माकडं, मुंग्या यांच्यापासून राखण करायची. एक पीक पावसाळ्यात, दुसरं दिवाळीच्या आगेमागे. तुतीचं रेशीम घरात होतं, कोसा उघड्या जंगलातच होतो. 1870 नंतरच्या काळात मेजर कुसमेकर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्यात टसरचे किडे पाळायचे प्रयोग केले. धंदा म्हणून ते इथं उभं राहिलं नाही. कोसा टिकला तो जंगलात राहणाऱ्यांच्या हाती.

म्हणून झाड गेलं की धंदा गेला. कूप पडलं की ऐन लाकूड म्हणून जातो. वनविकास महामंडळ मिश्र जंगल तोडून साग लावतं, त्या रांगांत ऐन-अर्जुन उरत नाही. मग नुसती अंडीपुंजांची योजना घेऊन काय करायचं?

कायदा आपल्या बाजूनं आहे. वन हक्क कायदा 2006 मध्ये गौण वनोपज कशाला म्हणायचं ते लिहिलंय, त्यात बांबू, तेंदू, मध, लाख यांच्याबरोबर टसर आणि कोष हे शब्द स्पष्ट आहेत. कलम 3(1)(ग) प्रमाणे ते गोळा करायचा, वापरायचा, विकायचा मालकी हक्क आपला. 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देते.

पण नुसतं पीक हाती असून भागत नाही, हे जपानकडं बघून शिकावं. 1859 साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला उघडलं आणि तिथल्या डोंगरातले छोटे शेतकरी घरोघरी रेशीम पिकवून विकू लागले. पैसा आला, त्याच्या भरवशावर कर्जंही झाली. 1880 नंतर भाव कोसळले. सावकारांनी जमिनी घ्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर 1884 मध्ये चिचिबू भागात हजारो शेतकरी उठले, सावकारांची कर्जाची कागदपत्रं जाळली. सरकारनं फौज पाठवली, पुढाऱ्यांना फाशी दिली. पीक त्यांचं होतं, भाव मात्र दुसऱ्याच्या हातात. कर्ज फिटेना तेव्हा जमीनही गेली.

आपल्याकडं व्यापारी उचल देऊन कोसा आधीच बांधून घेतो, तेव्हा हीच गोष्ट सुरू होते. म्हणून ग्रामसभांना आमची विनंती:

सामूहिक हक्काच्या दाव्यात कोसा आणि ऐन-अर्जुनाचे पट्टे नावानिशी लिहा. कोसा कुठं, किती वर्षं घेतला, हे म्हाताऱ्या माणसांकडून लेखी जबाबात घ्या, तो पुरावा म्हणून चालतो.

ढिवर भावांना बाहेर ठेवू नका. ते अनुसूचित जमातीत नाहीत म्हणून त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. गोंड, माडिया म्हाताऱ्यांनी त्यांच्या बाजूनं जबाब दिला तर दावा टिकेल. नाहीतर आज ते बाहेर पडतील आणि उद्या आपली पाळी येईल.

कूप पडणार असेल तर ग्रामसभेचा ठराव आधी करा. विक्री एकत्र करा, उचल घेऊन एकट्यानं नको.

कोशाला भाव मिळालाच पाहिजे. पण पहिली मागणी झाडाची.

जंगल आमच्या हक्काचं!