यात्रेतील गाडी व गाठोडे

२९ ऑगस्टला वेलांकणीस ध्वज चढतो, ८ सप्टेंबरला सण. बीदरहून भाड्याच्या गाडीने निघणाऱ्या कुटुंबांचा संसार तितके दिवस गाडीतच असतो. सारीच मंडळी दर्शनास गेली, तर चोरट्यास आणखी काय हवे? आळीपाळीने जावे; पुण्य उणे होत नाही. गाडी उजेडात लावावी, पैसे वाटून घ्यावे. दागिने? ते घरीच बरे.

चोरी झालीच, तर बीदरला परतेपर्यंत थांबू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोठेही घडो, फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. गाडीच्या कागदांची एक नक्कल मात्र गाडीबाहेर, वडीलधाऱ्यांजवळ असू द्यावी.