कोंबड्याच्या निशाणीचा पक्ष

राजकीय पक्ष निवडणुकीत हरून संपतात, फुटून संपतात, क्वचित सरकारी हुकमाने बंदी येऊनही संपतात; परंतु विधानसभेत वीस आणि लोकसभेत तीन जागा हाती असताना, ज्या काँग्रेसशी जन्मापासून दावा मांडला त्याच काँग्रेसच्या दारी आपले दप्तर आपल्या हाताने नेऊन ठेवावे, असा प्रकार आपल्या लोकशाहीच्या इतिहासात विरळाच. बिहारच्या दक्षिण भागातील झारखंड पक्षाने १९६३ साली हे केले, आणि त्या दिवसापासून आजतागायत त्याचे अध्यक्ष जयपाल सिंग मुंडा यांच्यावर एकच फिर्याद चालत आली आहे, की मंत्रिपदाच्या मोबदल्यात त्यांनी आपला मुलूख विकला. ही फिर्याद मला अर्धीच मान्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागाचा निवाडा मराठी वाचकाने करण्याजोगा आहे, कारण त्यातील काही कलमे थेट आपल्या घरापर्यंत येतात.

छोटा नागपूर आणि संताळ परगणा या प्रदेशाने इंग्रजी अंमलात किती उठाव केले याची जंत्री येथे देण्याचे कारण नाही. १८३१-३२ चे कोलांचे बंड, १८५५ चा संताळांचा हूल आणि शतकाच्या अखेरीस बिरसा मुंडांनी उभारलेला उलगुलान या सर्वांच्या मुळाशी एकच तक्रार होती, की जंगल तोडून जमीन ज्यांनी वहितीस आणली त्यांची मालकी जमीनदार, ठेकेदार आणि सावकार यांच्या कागदांत नाहीशी झाली. या बाहेरच्यांना तिकडे ‘दिकू’ म्हणतात. बंडांनी राजवट उलथली नाही, तरी १९०८ चा छोटा नागपूर कूळ कायदा त्यांच्यामुळेच आला. आणि त्यानंतरच्या पिढीने, जी मिशनच्या शाळांतून शिकली होती, धनुष्यबाण खाली ठेवून अर्ज आणि ठराव हाती घेतले. १९१५ च्या सुमारास निघालेला छोटा नागपूर उन्नती समाज हे त्या अर्जांच्या युगाचे पहिले रूप, आणि १९३८ साली निरनिराळ्या सभा एकत्र येऊन झालेली आदिवासी महासभा हे दुसरे. १९३९ च्या जानेवारीत महासभेने रांचीस अध्यक्षपदासाठी जयपाल सिंगांना पाचारण केले.

हा गृहस्थ असा विलक्षण होता, की कादंबरीकाराने असे पात्र निर्माण केले असते तर वाचकाने त्यावर अतिशयोक्तीचा ठपका ठेवला असता. खुंटी भागातील टाकरा गावी १९०३ साली मुंडा कुटुंबात जन्म. रांचीच्या सेंट पॉल्स शाळेच्या मुख्याध्यापकांनी बुद्धी हेरून इंग्लंडला नेले. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिक्षण आणि हॉकीतील कीर्ती. आणि १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानच्या ज्या संघाने पहिले सुवर्णपदक मिळवले त्याचे कप्तानपद, जरी अंतिम सामन्यास ते मैदानात नव्हते. खेळापायी आय. सी. एस.च्या उमेदवारीत पडलेला खंड भरून काढण्याची अट त्यांना मानवली नाही, म्हणून त्यांनी त्या नोकरीवर पाणी सोडले. पुढे तेलकंपनीतील हुद्दा, आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये अध्यापकी, रायपूरच्या राजकुमार कॉलेजात शिक्षकी, बिकानेर संस्थानात कारभार, अशी मुशाफिरी करून हा साहेबी थाटाचा मनुष्य आपल्या लोकांत परतला, आणि लोकांनी त्यास ‘मरांग गोमके’, म्हणजे थोर पुढारी, हा किताब दिला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यभरतीस साहाय्य केल्यामुळे काँग्रेसवाले त्यांना सरकारचा हस्तक समजत; आणि १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत त्यांचा पराभवही झाला.

तरीही ते घटना समितीत पोहोचले, आणि १९ डिसेंबर १९४६ रोजी उद्दिष्टांच्या ठरावावर त्यांनी जे भाषण केले ते आजही वाचावे. आपण जंगली आहोत हे अभिमानाने सांगून त्यांनी सभागृहास ऐकवले, की नवागतांनी आपल्या लोकांना सिंधूच्या खोऱ्यातून रानात हाकलले, त्यांचा सारा इतिहास पिळवणुकीचा आणि बंडांचा आहे, आणि लोकशाही आदिवासींना शिकवण्याची गरज नसून ती त्यांच्याकडून शिकण्याची गरज आहे. एवढे बोलूनही त्यांनी ठरावास पाठिंबा दिला तो जवाहरलाल नेहरूंच्या शब्दावर विश्वास ठेवून. आमच्या मुंबई विद्यापीठातील डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तीनच वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात या समाजांना मागासलेले हिंदू ठरवून विलीनीकरणाचा मार्ग सुचवला होता. घुर्यांच्या व्यासंगाबद्दल आदर राखूनही म्हणावेसे वाटते, की जे लोक स्वतःचा पक्ष उभारू पाहत होते त्यांचे भवितव्य त्यांना न विचारता लिहिण्याची आम्हा मराठी विद्वानांची घाई अनाठायी होती. राज्यघटनेत पाचवी अनुसूची आली, राखीव जागा आल्या. मात्र आदिवासी सल्लागार परिषदेच्या हाती सल्ल्यापलीकडे काही आले नाही.

घटना लिहिली जात असतानाच १ जानेवारी १९४८ चा खरसावाँचा प्रकार घडला. सराईकेला आणि खरसावाँ ही छोटी संस्थाने ओरिसात विलीन करण्याचे ठरले होते आणि तेथील आदिवासींना ते मान्य नव्हते. दिवस गुरुवारचा, म्हणजे आठवड्याच्या बाजाराचा. दूरदूरच्या गावांतून बायका-मुलांसह लोक आले होते, कित्येक जण परंपरेप्रमाणे धनुष्यबाण घेऊन, आणि पुष्कळ जण केवळ मरांग गोमकेंना पाहावे म्हणून. जयपाल सिंग आलेच नाहीत. बाजारच्या मैदानावर ओरिसाच्या लष्करी पोलिसांनी गोळ्या चालवल्या. त्या वेळी छापला गेलेला मृतांचा आकडा ३५ होता. लोक शेकड्यांनी आणि हजारांनी बोलतात, आणि प्रेते विहिरीत टाकल्याचे सांगतात. काही महिन्यांतच ती दोन्ही संस्थाने ओरिसातून काढून बिहारला जोडण्यात आली, म्हणजे ज्या मागणीसाठी माणसे मारली गेली तिचा अर्धा भाग सरकारने मान्य केला. दर १ जानेवारीस तेथे आजही लोक जमतात आणि हुतात्म्यांच्या शिळेवर तेल वाहतात.

या सुतकातून १९५० च्या सुमारास झारखंड पक्ष जन्मास आला, आणि महासभेची केवळ आदिवासींपुरती असलेली कवाडे त्याने त्या प्रदेशातील सर्व रहिवाशांना उघडी केली. निशाणी मिळाली कोंबड्याची. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि तिच्यावर त्याची निशाणी चिकटवलेली असे. मतदाराने कोठेही शिक्का न मारता कोरी पत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. ज्यांना अक्षर ठाऊक नव्हते, पण ज्यांच्या बाजारात कोंबड्यांची झुंज हा नित्याचा विषय आणि ज्यांच्या सिंगबोंगा देवास पांढऱ्या कोंबड्याचा नैवेद्य, त्यांना ती पेटी शोधावी लागली नसेल. १९५२ साली बिहार विधानसभेत पक्षाचे ३२ सदस्य निवडून आले आणि तो तेथील प्रमुख विरोधी पक्ष ठरला. पुढच्या, १९५७ च्या निवडणुकीतही त्याचे बळ जवळजवळ तेवढेच राहिले, आणि लोकसभेत तर ते वाढले.

मात्र त्याच १९५७ साली मुंबईचे माजी महापौर मिनू मसानी यांनी झारखंड पक्षाच्या पाठिंब्याने रांची पूर्व मतदारसंघातून लोकसभा गाठली. मसानींची योग्यता निर्विवाद होती. पण टाटांच्या कचेरीत वावरलेल्या मुंबईकर पारशी मुत्सद्द्यास मुंडा-उराँवांच्या मतांवर दिल्लीस पाठवावे लागते, तेव्हा त्या पक्षाच्या तिजोरीत खडखडाट आहे आणि त्याची मसलत गावाच्या आखाड्यात न होता अन्यत्र होते आहे, एवढे चाणाक्ष माणसाने ओळखावे.

पक्षाचा कणा मोडला तो मात्र १९५५ साली. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पण्णिकर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगासमोर पक्षाने बिहार, बंगाल, ओरिसा आणि मध्य प्रदेश यांतील आदिवासी भाग जोडून वेगळ्या राज्याची कैफियत मांडली. आयोगाने ती फेटाळली. त्या प्रदेशात आदिवासी सुमारे एक तृतीयांशच आहेत, त्यांची एक भाषा नाही, आणि दक्षिणेतील खाणी व कारखाने गेल्यास उरलेल्या बिहारचा आर्थिक तोल जाईल, ही त्याची प्रमुख कारणे. त्यातले तिसरे कारण तेवढे प्रांजळ होते. पहिल्याबद्दल असे विचारता येते, की खाणी आणि कारखाने निघाल्यावर बाहेरून आलेल्या वस्तीने ज्यांना त्यांच्याच भूमीत अल्पसंख्य केले, त्यांच्या अल्पसंख्येचा दाखला त्यांच्याच विरुद्ध कसा वाचता येतो? आणि दुसऱ्याबद्दल बोलताना आम्हा मराठी माणसांना अंतर्मुख व्हावे लागते. त्याच अहवालाने मुंबईचे द्विभाषिक सुचवले, विदर्भ निराळा काढला, म्हणून आपण पेटून उठलो, रक्त सांडले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र मिळवला. ते योग्यच झाले. पण भाषा हाच राज्याचा आधार असे तत्त्व एकदा ठरल्यावर, मुंडारी, हो, संताळी, खडिया, कुरुख अशा पाच वाणींत बोलून एकाच जंगलात राहणाऱ्यांना त्या तत्त्वात जागाच उरली नाही. गोंडांचेही तेच झाले. चांदा मुंबई राज्यात, बस्तर मध्य प्रदेशात, आदिलाबाद आंध्रात, आणि त्यातला राजुरा तालुका तेवढा वेगळा काढून आपल्याकडे, तोही मराठी म्हणून! भाषेच्या रेषेने जोडणाऱ्या हातानेच गोंडवनाचे तुकडे केले, याची खंत त्या विजयोत्सवात फारशी कोणास झालेली दिसत नाही.

राज्य मिळणार नाही हे उघड झाल्यावर पक्षाकडे देण्यासारखे काय उरले? विहीर, रस्ता, शाळा, परवाना यांच्या किल्ल्या पाटण्यात सत्ताधाऱ्यांच्या कनवटीस होत्या. ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती आदिवासी यांच्यातील अंतर वाढत होते. रांचीजवळ हटियास अवजड यंत्रांचा सरकारी कारखाना उभा राहत असताना जमिनी जात होत्या. आणि १९६२ मध्ये आमदार विसावर आले. अशा स्थितीत जयपाल सिंगांनी १९६३ साली विलीनीकरण पत्करले आणि बिनोदानंद झा यांच्या मंत्रिमंडळात स्थान घेतले. कामराज योजनेत त्याच वर्षी झा यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि जयपाल सिंगांचे मंत्रिपद औटघटकेचे ठरले. एका माणसाने गावोगाव न विचारता हा निर्णय केला, आणि तो करण्यापासून त्याला रोखील अशी कोणतीही यंत्रणा त्या पक्षाने बारा-तेरा वर्षांत उभी केली नव्हती. यासाठी मी त्यांना दोष देतो. परंतु ज्या व्यवस्थेने अल्पसंख्य प्रदेशास एकतर कायमचा विरोध नाहीतर कायमची ताबेदारी एवढेच पर्याय ठेवले, तिला निर्दोष सोडण्यास मी तयार नाही. जयपाल सिंग १९७० मध्ये दिल्लीस वारले.

पुढचा इतिहास तुकड्यांचा आहे. एन. ई. होरो यांनी पक्ष पुन्हा उभारला, बागुन सुंब्रुईंनी आपला वेगळा काढला, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी शिबू सोरेन, बिनोद बिहारी महतो व ए. के. राय यांनी झारखंड मुक्ती मोर्चा स्थापून आदिवासी, कुडमी शेतकरी आणि खाणकामगार यांची मोट बांधली, जी जयपाल सिंगांना बांधता आली नव्हती. त्याच मोर्चाच्या चार खासदारांवर १९९३ साली नरसिंह राव सरकार वाचवण्यासाठी पैसे घेऊन मत दिल्याचा आरोप आला, आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभागृहातील मतास संरक्षण असल्याचे सांगून त्यांना अभय दिले. हा निर्णय २०२४ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने रद्द केला. राज्य आले १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसांच्या जयंतीस, पण केवळ बिहारच्या वाट्याचे. बंगाल, ओडिशा आणि मध्य भारतातील भाग बाहेरच राहिले, आणि पहिले मुख्यमंत्री झाले ते झारखंडच्या नावाच्या कोणत्याही पक्षाचे नव्हेत, तर भारतीय जनता पक्षाचे बाबूलाल मरांडी.

तरीही हा सारा उद्योग फसला असे म्हणणाऱ्याने आपल्याकडे पाहावे. महाराष्ट्राच्या २८८ आमदारांपैकी २५ जागा, अक्कलकुव्यापासून अहेरीपर्यंत, अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या बळावर एकही स्वतंत्र आदिवासी पक्ष येथे मूळ धरून उभा राहिलेला नाही. राजस्थानात २०२३ मध्ये निघालेल्या भारत आदिवासी पक्षाने त्याच वर्षी तीन आमदार आणि पुढच्या वर्षी बांसवाड्याचा खासदार निवडून आणला, तेव्हा आमच्या सातपुड्यातील भिल्लांना ते अशक्य होते असे नाही. आपल्याकडील राखीव जागेवरचा आमदार तिकिटासाठी मुंबईकडे आणि दिल्लीकडे पाहतो, कारण त्याची उमेदवारी पाड्यावर ठरत नाही. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी धनगर आरक्षणास विरोध आणि पेसा क्षेत्रातील भरतीची मागणी यांसाठी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काही आदिवासी लोकप्रतिनिधींसह मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून संरक्षक जाळीवर उडी घेतली, हे आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले आणि हसूनही घेतले. ते सत्ताधारी पक्षाचे होते, घटनात्मक पदावर होते, आणि तरी आपल्याच सरकारपर्यंत म्हणणे पोहोचवण्यास त्यांना जाळीखेरीज दुसरा मार्ग सापडला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात ते मंत्री झाले.