केदारनाथला उडत जाण्याआधी

केदारनाथच्या वाटेवर पावलोपावली मराठी कानावर पडतं. नाशिक, लातूर, सांगलीची माणसं काठी टेकत, नाव घेत चढत असतात. त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असतं, की भोवतालचे डोंगर १९७२ साली घोषित झालेल्या अभयारण्याचे आहेत? ९७५ चौरस किलोमीटरचं हे रान राखलं गेलं ते मुख्यतः कस्तुरीमृगासाठी.

पक्ष्यांच्या ओढीनं मी मे महिन्यात याच अभयारण्यातल्या चोपत्याला जाते. तिथून तुंगनाथकडे चढताना खरसू आणि बुरांशची झाडं खुजी होत जातात, मग संपतातच, आणि बुग्याल, म्हणजे उघडी गवताळ कुरणं, सुरू होतात. झाडं आणि गवत भेटतात त्या पट्ट्यातल्या झुडपांत कस्तुरीमृग राहतो. शिंगं नाहीत, नराला बाहेर आलेले सुळे. एकटा राहणारा, पहाटे आणि तिन्हीसांजेला चरणारा, कमालीचा तिखट कानाचा. मादी मे-जूनमध्ये विते, पाडसाला झुडपात दडवून चरायला जाते. त्याच दिवसांत मोनाल पक्ष्याची मादी जमिनीवरच्या घरट्यात एकटी अंडी उबवत असते. तिला धडकी भरली आणि ती उठून गेली, तर त्या थंडीत अंडी गारठतात.

आणि नेमक्या याच दोन महिन्यांत यात्रेकरूंना केदारनाथला नेणाऱ्या हेलिकॉप्टरांचा हंगाम ऐन भरात असतो. त्यांच्या वाटेवरचं मंदाकिनी नदीचं खोरं अरुंद. आवाज दोन्ही कड्यांवर आपटून घुमत राहतो. जमिनीपासून किमान ६०० मीटर वरून उडावं, असा दंडक आहे. खालून उडणारी हेलिकॉप्टरं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी जिवाचा संताप झाला आहे.

गुडघे थकलेल्या आजीला कुणी अडवू नये. माझा आग्रह धडधाकट माणसांना आहे: वेळ वाचवण्यासाठी उडू नका, चाला. पहाटेची आणि संध्याकाळची उड्डाणं मे-जूनमध्ये बंद ठेवावीत. उड्डाणांच्या उंचीवर वनविभागानं कडक नजर ठेवावी, आणि नियम मोडणाऱ्याचा त्या हंगामाचा परवाना रद्द व्हावा. सोनप्रयाग ते केदारनाथ १२.९ किलोमीटरच्या रोपवेला २०२५ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली आहे. तो सुरू होईल तेव्हा त्या प्रमाणात हेलिकॉप्टरं कमी करू, असं सरकारनं आजच लेखी द्यावं.