पाणी कुणी, कधी प्यायचं?

२०२५ च्या जुलैची चार तारीख. कोल्हापुरातल्या आमच्या वस्तीत किशोरी गटाची बैठक होती. विषय मीच ठरवला होता, रक्तक्षय आणि आहार. तक्ते काखेत मारून समाजमंदिरात पोचले, तर पोरींनी फरशीवर खडूनं फुटबॉलचं मैदान आखून ठेवलेलं. एका बाजूला अकरा चिंचोके, दुसऱ्या बाजूला बाटल्यांची अकरा बुचं. चिंचोके म्हणजे आपण, बुचं म्हणजे थायलंड. माझ्याकडे बघायलाही कुणाला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी थायलंडमधल्या चिआंग माईला भारताच्या महिला संघाचा सामना होता. २०२६ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतला, गटातला शेवटचा. दोन्ही संघांनी आधीचे तिन्ही सामने जिंकलेले, दोघांचेही बावीस गोल झालेले आणि दोघांनीही एकही खाल्लेला नाही. पुढं जाणार मात्र एकच. थायलंड क्रमवारीत आपल्याहून बराच वरचा, २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक खेळून आलेला. मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे आणि हवाही त्यांचीच. जुलैतला तिथला उकाडा पावसाळी, दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्यात आपल्या मुली दोन तारखेला इराकशी खेळून मोकळ्या झालेल्या, मध्ये दोनच दिवस विश्रांती.

पोरींना हे सगळं पाठ होतं. आमच्या गटातली गोलकीपर म्हणत होती, "पहिल्या वीस मिनटात दाबायचं. पाय ताजे हाईत तंवर एक गोल टाकायचा आणि मग मागं बसायचं." दुसरी तिच्यावर उखडली. "मागं बसलो की ते बॉल फिरवणार आणि आपण बॉलमागनं पळणार. उकाड्यात बॉलमागनं पळणाराच मरतो. बॉल आपल्याकडंच ठेवायचा, पळू दे त्यांस्नी." तिसरीचं लक्ष बाकावर. पाच बदली खेळाडू मिळतात, मग विंगच्या दोघी साठाव्या मिनिटापर्यंत राखून का ठेवायच्या नाहीत, असं तिचं म्हणणं. चिंचोके पुढं-मागं सरकत होते, आवाज चढत होते.

दारात एकीची आई बसली होती, लेकीला न्यायला आलेली. रोजानं भांगलायला जाणारी बाई. बराच वेळ ऐकून ती म्हणाली, "सकाळच्या पारी जी बाई पात वढत एकटीच म्होरं जाती, ती दुपारच्याला बांधाला बसलेली असती. समद्यांनी एका चालीनं जायचं. आणि तहान लागायची वाट बघायची न्हाई. तहान लागली म्हंजी उशीर झाला."

पोरी गप्प झाल्या. मग त्या बॉलवालीनं न बोलता मधल्या फळीतले चिंचोके एकमेकांच्या जवळ आणले. एका चालीनं जायचं तर अंतर कमी पाहिजे.

मी एम.एस.डब्ल्यू. करताना समूहकार्य हा विषय दोन वर्षं शिकले. गटातला संवाद, नेतृत्व, निर्णयप्रक्रिया यांवर उत्तरपत्रिका भरून काढल्या. पण बायकांच्या घोळक्यात इतक्या हक्कानं डावपेच लढवले जाताना मी क्वचितच पाहिलंय. आमच्या गावात फुटबॉल न कळणारा पुरुष शोधून सापडायचा नाही. पेठापेठांचे संघ, तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवर उन्हाळ्यापर्यंत चालणारा हंगाम. सामन्याच्या आदल्या रात्री कुठल्याही कट्ट्यावर जा, उद्या कुणाला डावीकडून खेळवायचं यावर मारामारीची वेळ आलेली असते. बायका अलीकडे सामने बघायला येतात, नाही असं नाही. पण कट्टा त्यांचा नाही. रात्री दहाला कट्ट्यावर बसून बोलण्यासाठी जो वेळ लागतो, तो घरातल्या कुठल्या बाईकडे असतो? खेळ बघणं आणि खेळावर मत असणं यांत हा एवढा फरक आहे, आणि तो भांड्यांच्या ढिगाएवढा आहे.

तेवढ्यात एकीचा भाऊ डोकावला. चिंचोके बघून हसला आणि म्हणाला, "नव्वद मिनटं टिकायच्या न्हाईत ह्या. साठाव्याला बसतील."

त्या पोराला दोष देत नाही. जगातला फुटबॉल चालवणारी शहाणी माणसंही हेच समजत होती. १९९१ मध्ये चीनमध्ये बायकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा सामने ऐंशी मिनिटांचे ठेवले होते. पुरुषांना नव्वद, बायकांना ऐंशी. पुढच्या, १९९५ च्या स्वीडनमधल्या स्पर्धेपासून नव्वद झाले.

उन्हात कोण टिकतं, कोण नाही, याची गंमत पुढंच आहे. १९९४ ची पुरुषांची विश्वचषक स्पर्धा अमेरिकेत ऐन उन्हाळ्यात झाली. युरोपातल्या लोकांना संध्याकाळी घरी बसून टीव्हीवर बघता यावं म्हणून बरेच सामने तिथल्या भर दुपारी ठेवलेले. २४ जून १९९४ ला ऑर्लँडोत आयर्लंड आणि मेक्सिको खेळले ते साडेबाराच्या उन्हात. आयर्लंडचे खेळाडू भाजून निघाले. त्यांचे प्रशिक्षक जॅक चार्लटन मैदानाच्या कडेला पाण्यावरून आणि बदली खेळाडूवरून अधिकाऱ्यांशी भांडले. सामना गेला २-१ नं, आणि चार्लटन यांना दंड होऊन पुढच्या सामन्याला कडेला उभं राहायची बंदी आली. म्हणजे जगातले सगळ्यात तगडे, सगळ्यात जपलेले पुरुष, आणि तेसुद्धा पाणी कधी आणि कसं प्यायचं हे स्वतः ठरवू शकत नव्हते. वेळ ठरवली होती दुसऱ्यांनी, दुसऱ्यांच्या सोयीसाठी.

हे मी पोरींना सांगत होते तर त्या आईनं विचारलं, "मग आता तरी पाणी प्यायला सोडत्यात का त्यांस्नी?"

सोडतात. त्याची कथा आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलमधल्या एका कामगार न्यायालयानं सांगितलं, की उष्णता अमुक मर्यादेवर गेली तर सामना थांबवून खेळाडूंना पाणी प्यायला वेळ द्यावाच लागेल. तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र धरून काढतात त्या आकड्यात ही मर्यादा बत्तीसची होती. २९ जून २०१४ ला फोर्तालेझा इथे नेदरलँड्स आणि मेक्सिकोचा सामना अशी अधिकृत विश्रांती घेऊन खेळला गेला. २०२६ च्या विश्वचषकासाठी तर हवा कशीही असो, प्रत्येक अर्ध्यात तीन मिनिटं पाण्यासाठी थांबायचं, असं फिफानं २०२५ च्या डिसेंबरात जाहीर केलं. मैत्रिणींनो, त्या न्यायालयाचं नाव पुन्हा वाचा. कामगार न्यायालय. खेळाडू हा काम करणारा माणूस आहे आणि काम करणाऱ्याला पाणी प्यायला वेळ मिळाला पाहिजे, एवढी साधी गोष्ट.

बायकांच्या वाट्याला त्यानंतरही काय आलं? २०१५ चा महिला विश्वचषक कॅनडात झाला, तो सगळा कृत्रिम गवतावर. पुरुषांचा एकही विश्वचषक असा झाला नव्हता. हे गवत उन्हात तव्यासारखं तापतं. एडमंटनच्या पहिल्याच सामन्यात मैदानाच्या पृष्ठभागाचं तापमान एकशेवीस फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ४९ सेल्सिअस भरल्याच्या बातम्या आल्या. खेळाडूंनी आदल्या वर्षीच हा भेदभाव आहे म्हणून तिथल्या मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे तक्रार केली होती. स्पर्धा जवळ आली तशी ती मागं घ्यावी लागली आणि त्या त्याच गवतावर खेळल्या.

मी बोलायची थांबले तेव्हा खोलीत वेगळीच शांतता होती. प्रत्येकीला मे महिना आठवत होता, आणि मलाही.

त्या मे महिन्यात आम्ही आमच्या पोरींचा संघ दुसऱ्या तालुक्याच्या गावी खेळायला नेला होता. एसटीनं अडीच तास. स्पर्धा मुलांची आणि मुलींची एकत्र. सकाळचे आणि संध्याकाळचे सामने मुलांचे, मुलींचा एकच, दुपारी एकचा. कार्यक्रमपत्रिका माझ्या हातात आठवडाभर आधी आली होती. बोलावलं हेच खूप, असं वाटून मी चकार शब्द काढला नाही. आदल्या रात्री पोरींनी अशीच बैठक घालून डाव ठरवला. त्यात एक डाव मला नंतर कळला: सकाळपासून पाणी प्यायचं नाही. त्या मैदानावर बायकांसाठी संडास नाही, हे त्यांना आधी जाऊन आलेल्या कुणी तरी सांगितलं होतं. दोघींची पाळी सुरू होती. चड्ड्या पांढऱ्या, कारण देणगीदारानं पांढऱ्याच दिल्या होत्या. (इंग्लंडच्या महिला संघानं २०२३ मध्ये याच कारणासाठी पांढऱ्या चड्ड्या सोडून निळ्या घेतल्या, हे वाचलं तेव्हा मला आमच्या त्या दोघी आठवल्या.)

दुसऱ्या अर्ध्यात आमची मधल्या फळीतली मुलगी चालता चालता खाली बसली आणि मग आडवी झाली. अंग तापलेलं, ओठ कोरडे, बोलणं तुटक. लिंबाखाली नेलं, ओल्या ओढण्या टाकल्या, तिथून दवाखाना आणि सलाईन. संध्याकाळी ती उठून बसली आणि कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी पुल्लिंगात म्हणाली, "ताई, मी पाणी पीतच नव्हतो काल रात्रीपासनं." संयोजकांपैकी एक गृहस्थ भेटायला आले. चांगला माणूस, काळजीनं आला होता. म्हणाला, "झेपत नाही तर कशाला आणता मुलींना?"

या वाक्यावर मी रागावले, घरी येऊन मैत्रिणींना सांगितलं, आणि मग लक्षात आलं की वेळ मीही विचारली नव्हती, संडासाची चौकशी मीही केली नव्हती. आमच्या संस्थेच्या अहवालात 'मुलींचा क्रीडाक्षेत्रातील सहभाग' असं एक वाक्य आणि एक फोटो आला. सहभाग झाला होता खराच.

ऊन सगळ्यांवर सारखं पडतं, असं म्हणायची पद्धत आहे. सकाळचे आणि संध्याकाळचे गार तास कुणाला मिळतात हे बघितलं की तसं म्हणवत नाही. मैदानावर ते मुलांना मिळतात. शेतावर तर पहाटेचा गारवा चुलीपाशी जातो आणि बाई बांधावर पोचते तेव्हा ऊन वर आलेलं असतं. दिवसभर ती पाणी कमी पिते, कारण आडोसा नाही. लघवीची जळजळ, मूतखडा, चक्कर या तक्रारी आरोग्य शिबिरात आपण सगळ्याजणी ऐकतो आणि 'भरपूर पाणी प्या' असा सल्ला देऊन गोळ्या हातावर ठेवतो. पाणी प्यायल्यावर जायचं कुठं, हे २०११ पासून मुंबईत 'राइट टू पी' म्हणत बायकांनी विचारायला घेतलं. मैदानांपर्यंत तो प्रश्न आपण अजून नेलेला नाही.

चळवळीतल्या एका ज्येष्ठ ताईंनी मला विचारलं, इतकं काय काय पडलेलं असताना तू फुटबॉलच्या मागं का लागलीस? त्यांचा मुद्दा मला समजतो. मारहाणीची केस सोडून कुणी गोल मोजत बसणार नाही. पण आमच्या गटात रक्तक्षयाचा तक्ता चार वेळा दाखवून जे झालं नाही, ते चिंचोक्यांनी एका संध्याकाळी केलं. पोरी स्वतःच्या शरीराबद्दल न लाजता बोलल्या: घाम, पाळी, लघवी, दम. आणि बोलल्या त्या रुग्ण म्हणून नव्हे, डाव आखणाऱ्या म्हणून. तक्ते मी त्या दिवशी न उलगडताच परत आणले.

पाच तारखेला सगळ्याजणी एका मोबाईलभोवती दाटीवाटीनं बसल्या. एकोणतिसाव्या मिनिटाला संगीता बासफोरनं पहिला गोल केला. बंगालची मुलगी, मधल्या फळीत खेळणारी. हाफ टाइम संपल्या संपल्या थायलंडनं बरोबरी साधली, तेव्हा भाऊमंडळी दारात येऊन उभी राहिली. साठावं मिनिट आलं आणि गेलं. कुणी बसलं नाही. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला पुन्हा संगीताच. २-१. पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात जाण्याची भारताच्या महिला संघाची ही पहिलीच वेळ. २०२२ ला यजमान म्हणून आपण खेळलो होतो, आपल्याच महाराष्ट्रात, आणि एक सामना होतो न होतो तोच करोनामुळे संघाला बाहेर पडावं लागलं होतं.

पुढच्या स्पर्धेचं बोलावणं आलं तेव्हा पोरींनी उत्तराचं पत्र स्वतः लिहिलं. सामना सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर ठेवावा. मैदानाजवळ दार लागणारा संडास असावा, आणि त्यात पाणी असावं. प्रत्येक अर्ध्यात एकदा पाण्यासाठी थांबावं. खाली सगळ्यांच्या सह्या. संयोजकांचा फोन मला आला: सामना साडेआठला ठेवतो, पाण्यासाठी थांबू, संडासाचं मात्र शेजारच्या घरी विचारून बघा.

आता आदल्या दिवशी दोघी पुढं जाऊन ते घर बघून येणार आहेत. त्या घरातल्या बाईंशी काय बोलायचं, यावर काल रात्री साडेनऊपर्यंत बैठक चालली.