लेस की फ्युअर?

मंडळी, या शनिवारी विषय इंग्रजीच्या पोलिसांचा. प्रत्येक टीममध्ये असा एक तरी असतोच. तुम्ही अख्खी रात्र जागून मेल लिहिता, की नव्या बिल्डमध्ये 'लेस बग्ज' आहेत. हा पठ्ठ्या 'रिप्लाय ऑल' करून सांगतो, "लेस नाही, फ्युअर." झालं! बिल्डबद्दल एक अक्षर नाही.

माझ्या मते भाषेचे नियम दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा मोडला की वाक्य कंपाईलच होत नाही. 'बग द फिक्स्ड आय' म्हटलं तर कुणाला काय कळणार? दुसरी जात म्हणजे कोडिंग स्टाईल. कंस त्याच ओळीवर की पुढच्या? कधीतरी कुणा सीनियरला एक पद्धत आवडली, त्याने ती लिहून ठेवली, आणि पुढच्यांना ती एरर वाटायला लागली. गंमत अशी की ज्या नियमांवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात ते बहुतेक या दुसऱ्या जातीतले.

'लेस'चंच घ्या. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'लेस' वापरणं इंग्रजीत हजारेक वर्षं जुनं, थेट राजा आल्फ्रेडच्या काळातलं. मग १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थांनी लिहिलं, की शंभर माणसं असतील तर 'नो लेस'पेक्षा 'नो फ्युअर' मला जास्त बरं वाटतं. नीट वाचा, 'मला वाटतं'! त्या वाटण्याचा पुढे कायदा झाला. २००८ मध्ये टेस्कोने आपल्या दुकानांतली 'टेन आयटम्स ऑर लेस' ही पाटी बदलून 'अप टू टेन आयटम्स' केली. वादच नको बाबा!

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, हा आणखी एक लाडका नियम. १६७२ मध्ये कवी ड्रायडनने बेन जॉन्सनची ही चूक काढली. जॉन्सनला जाऊन तेव्हा ३५ वर्षं झाली होती, त्यामुळे तो बिचारा काय उत्तर देणार? पण ड्रायडनने स्वतः १६६८ च्या एका निबंधात तशीच वाक्यं लिहिली होती आणि १६८४ च्या आवृत्तीत ती दुरुस्त करत बसला. म्हणजे सहज लिहिताना त्याच्याही हातून तेच उतरलं होतं. पुढे १७६२ मध्ये रॉबर्ट लोथने आपल्या व्याकरणात लिहिलं, की बोलण्यात हे चालतं, गंभीर लिखाणात टाळलेलं बरं. आणि इंग्रजीचा ओढा याच रचनेकडे आहे हे सांगणारं त्याचं वाक्य संपतं कशावर? 'टू'वर. आता बोला!

"मग काय, कसंही लिहायचं का?" नाही हो. अमेरिकेत मेन राज्यात एका डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी खटला भरला. कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती आणि तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन' असं होतं. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. मग वितरण हे यादीतलं वेगळं काम, की वितरणासाठीचं पॅकिंग? ड्रायव्हर वितरण करायचे, पॅकिंग नाही. २०१७ मध्ये अपील कोर्टाने कायदा संदिग्ध आहे म्हणून कौल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. एरवी हा स्वल्पविराम द्यावा की देऊ नये ही निव्वळ आवडीची बाब, पण इथे अर्थ अडला. तर निकष हाच: वाचणारा अडखळला का?

आपल्या ऑफिसातली खरी घोटाळ्याची इंग्रजी या पोलिसांना दिसतच नाही. 'प्लीज डू द नीडफुल' व्याकरणात शंभर टक्के बरोबर, पण नेमकं करायचं काय आणि कुणी? 'आय हॅव अ डाउट' लिहिलं की आपल्याला वाटतं शंका विचारली, अमेरिकन क्लायंटला वाटतं याचा आपल्यावर विश्वास नाही.

आणि याची किंमत कोण मोजतं? एका जुन्या कंपनीत रिव्ह्यू कॉलवर मराठी माध्यमातून आलेला एक ज्युनियर म्हणाला, "लेस इंडेक्सेस आर देअर, क्वेरी विल बी स्लो." लीड हसून म्हणाला, "फ्युअर." सगळे हसले. पोरगं त्यानंतर कॉलभर म्यूटवर. रिलीजनंतर क्वेरी अडकली ती त्याच टेबलावर. 'आनि-पानी'ला हसणारेही आपणच, त्यामुळे हे काही फक्त इंग्रजीचं दुखणं नाही.

असो. क्लायंटच्या डॉक्युमेंटमध्ये मीसुद्धा 'फ्युअर'च लिहितो, जसा मीटिंगला इस्त्रीचा शर्ट घालतो. नियम माहीत असावेतच, इंटरव्ह्यू घेणारा त्यावरून आपल्याला जोखणार हेही खरं. पण समोरच्याचं म्हणणं कळलं असेल तर आधी त्या म्हणण्याला उत्तर द्या. 'लेस'चं काय ते नंतर चहाला सांगा, हळूच.